लगाम ओढला की नाचायचं, की थांबायचं?

मी एक घोडी बोलतेय. रंगानं तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, वय चौदा. नाव विचाराल तर तिथंच माझा पहिला गोंधळ होतो. ताराचंद मला चांदनी म्हणायचा. नागपूरजवळचं बेसा ओलांडून पुढं गेलं की घोडेस्वारी शिकवायचं एक मैदान लागतं, तिथं सगळे मला मैना म्हणतात. मी दोन्ही नावांना कान हलवते.

माणसांचं बोलणं मला बरंचसं कळतं. कळत नाहीत ते त्यांचे हात. एकाच हाताच्या एकाच ओढीचा अर्थ एका घरी एक आणि दुसऱ्या घरी भलताच असतो, हे मला फार उशिरा उमगलं. आणि खरं सांगू, अजून पुरतं उमगलेलं नाही.

माझा जन्म कुठं झाला ते आठवत नाही. बाभळीखालची सावली आठवते आणि आईच्या पोटाचा ऊबदार वास. तीन वर्षांची असताना ताराचंदनं मला बाजारातून नागपुरात आणलं. इतवारीकडच्या एका गल्लीत त्याचा पत्र्याचा तबेला होता. तो लग्नाच्या वरातीला घोडे द्यायचा.

तिथं माझी शाळा सुरू झाली. ताराचंद एका हातानं रिकामा डबा वाजवायचा आणि दुसऱ्या हातानं लगाम ओढून धरायचा. तोंडातली लोखंडी कडी जिभेवर दाबायची. काय करावं ते मला सुचायचं नाही. मी मागं सरकायची, मान झटकायची, पण दाब काही जायचा नाही. एकदा वैतागून मी पुढचा पाय उचलून आपटला आणि त्याच क्षणी लगाम सैल झाला. ताराचंदनं तोंडात गुळाचा खडा दिला. मग दुसरा पाय. मग दोन्ही.

एवढंच मी शिकले. लगाम ताणला की नाचायचं आणि लगाम सैल झाला की उभं राहायचं. नऊ वर्षं माझं काही चुकलं नाही.

त्या नऊ वर्षांत माझ्या पाठीवर किती नवरदेव बसले याची गणती नाही. सगळे सारखेच बसायचे. खांदे वर, पाय ताठ, दोन्ही हातांनी खोगीर घट्ट धरलेलं. काही जण घामानं ओले असायचे. काही जण सारखे खाली माझ्या मानेकडे बघायचे, जणू लग्न माझ्याशीच लागायचं होतं. पण लगाम त्यांच्यापैकी कुणाच्याच हातात नसायचा. तो ताराचंदच्या हातात असायचा, म्हणून मला काही अडचण नव्हती.

पुढं ताराचंदचे गुडघे गेले. वरातीबरोबर चालणं त्याला जमेना. जावयानं बग्गी आणली. बग्गीला पांढऱ्या घोड्यांची जोडी हवी होती आणि मी तांबूस. एका सकाळी एक दलाल मला घेऊन निघाला. ताराचंद दारात उभा होता. त्यानं माझ्या कपाळावर हात ठेवला. मला वाटलं, संध्याकाळच्या वरातीला परत येऊ.

दलालानं मला रुपरावच्या मैदानावर उतरवलं. ही एका फार्महाउसवरची घोडी आहे, फारशी कुणी वापरलेली नाही, लहान लेकरं बसवली तरी चालतात, असं त्यानं रुपरावला सांगितलं. शेवटचं तेवढं खरं होतं. वरातीचा त्यानं शब्दही काढला नाही. सांगता मला आलं असतं तर मीच सांगितलं असतं.

रुपराव मूळचा उमरेडकडचा. घरची शेती भाऊ बघतो. हा तरुणपणी फौजेतल्या घोड्यांच्या तुकडीत गेला, वीस वर्षं तिथं काढली आणि परत येऊन बायको जिजाबाईसोबत हे मैदान चालवायला घेतलं. आसपास नवे नवे फ्लॅट झाले आहेत. तिथली माणसं सुटीच्या दिवशी घोडेस्वारी शिकायला येतात.

रुपराव स्वतः माझ्यावर बसला की मला काही कळायचंच नाही, इतकं सोपं वाटायचं. तो लगाम ओढतच नसे. थांबायचं असलं की त्याचं अंग पाठीवर जरासं खोल बसायचं, श्वास सुटायचा आणि माझे पाय आपोआप थांबायचे.

पण शिकाऊ माणसांचं तसं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एक चष्मेवाले गृहस्थ बसले. दोन फेऱ्या नीट झाल्या. मग त्यांना थांबायचं होतं, म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी लगाम छातीशी ओढला. मला वाटलं, यांना नाच हवाय. मी नाचले. ते घाबरून ओरडले आणि आणखी ओढलं. आवडलं वाटतं, असं समजून मी पुढचे पाय आणखी वर उचलले. ते वाळूत पडले. मी मान वळवून गुळाची वाट बघत उभी राहिले.

गूळ मिळाला नाही. रुपराव धावत आला आणि त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी कान मागं पाडले. काय चुकलं होतं? ओढ तीच होती. पाय मी तसेच उचलले होते.

असं आणखी दोनदा झालं. दर वेळी रुपराव स्वतः बसून बघायचा आणि दर वेळी मी शहाण्यासारखी चालायची. संध्याकाळी तो जिजाबाईला म्हणायचा, माझ्याखाली तर ही लोण्यासारखी हाय, लोकायखालीच काहून बिघडते? जिजाबाई माझ्या अंगावरून खरारा फिरवत म्हणायची, तिच्या मनात खोट नाई, तिच्या डोळ्यात दिसते. पण तिलाही पुढचं काही सांगता यायचं नाही.

दिवाळी झाल्यावर वैदेही आली.

त्रेचाळीस वर्षांची बाई. रामदासपेठेत एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते. दिवसभर संगणकासमोर वाकून बसल्यानं मान पुढं आलेली. दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडून तिच्या उजव्या खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण त्यानंतर तिनं स्कूटरला हात लावला नव्हता. नवरा सुमंत तिला ऑफिसात सोडायचा आणि न्यायला यायचा. हे सगळं तिनं पहिल्याच दिवशी रुपरावला सांगितलं. घरी मात्र तिनं योगाच्या वर्गाला जाते असं सांगितलं होतं आणि मैदानावर ती ऑटोनं यायची.

रुपरावनं विचारलं, मग घोड्यावर काहून बसायचं ताई तुम्हाला?

ती म्हणाली, "मला पडायची इतकी भीती वाटते की मी चालतानाही भिंत धरते, रुपरावजी. आता मला भिंत नसलेल्या जागी बसायचंय."

तिला रुपरावनं माझ्यावर बसवलं. का, ते मला ठाऊक नाही. कदाचित चालीनं मी सगळ्यात मऊ म्हणून.

वैदेही बसली आणि माझा नवाच गोंधळ सुरू झाला. तिचं सगळं वजन माझ्या डाव्या बाजूला यायचं. घोड्याला पाठीवरचं वजन जिकडं झुकतं तिकडं वळावंसं वाटतं, म्हणून मी डावीकडे वळायची. ती लगेच उजवा लगाम ओढायची. मी उजवीकडे मान करायची आणि पाय डावीकडे टाकायची. फेरी गोल व्हायची सोडून वेडीवाकडी व्हायची. ती म्हणायची, ही ऐकतच नाही माझं. मी मनात म्हणायची, बाई, मी दोन्ही ऐकतेय.

रुपरावनं कुंपणाला टेकून पाऊण तास हे पाहिलं. मग म्हणाला, "ताई, तुमचं बूड डावीकडं जा म्हणते अन् हात उजवीकडं. घोडीनं आयकाव कोनाचं?"

वैदेहीला ते पटेना. आपण सरळच बसलो आहोत असं तिला अगदी खरंखरं वाटत होतं. तेव्हा जिजाबाईनं खोगीर उतरवलं आणि त्याखालचं जाड कापड उलटं करून तिच्यापुढं धरलं. माझ्या घामाचा डाग डावीकडे हातभर पसरला होता. उजवीकडे कापड जवळजवळ कोरडं.

"पाहा वं ताई," जिजाबाई म्हणाली. "दुखरी बाजू वाचवून राहिली तू. दोन वर्षांपासून."

वैदेहीनं त्या कोरड्या बाजूवर हात ठेवला. मला वाटलं तिला रडू येईल, पण ती नुसती कापडाकडे बघत होती.

त्या दिवसापासून रुपराव तिच्या बसण्यामागं लागला. कान, खांदा, खुबा आणि टाच एका रेषेत यायला हवी. नजर माझ्या मानेवर नको, समोर कुंपणापलीकडच्या निंबाच्या शेंड्यावर हवी. दोन्ही बाजूंनी सारखं बसायचं आणि श्वास धरून ठेवायचा नाही. रोज खोगीर उतरलं की ती स्वतः कापड उलटून बघायची. डाग हळूहळू उजवीकडे सरकत होता. माझे पायही सरळ पडू लागले. मला वाटलं, चला, एवढं एक तरी कळलं.

पण लगामाचं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

डिसेंबरातल्या एका सकाळी शेजारच्या प्लॉटवर जेसीबीनं मुरूम ओतला. मोठा आवाज झाला. मी दचकून दोन पावलं बाजूला झाले, तेवढंच. पण वैदेही पुढं वाकली, तिचे गुडघे माझ्या पोटाला आवळले गेले आणि दोन्ही हातांनी तिनं लगाम घट्ट ओढला. आवाज आणि ताणलेला लगाम. माझ्यासाठी याचा अर्थ एकच होता. मी नाचले. ती ओढत राहिली, मी नाचत राहिले. आता थांब, थांब, असं ती म्हणत होती ते मला ऐकू येत होतं. पण तिचे हात दुसरंच सांगत होते आणि मला शिकवलं होतं ते हातांचं ऐकायला.

ती पडली. डावं मनगट मोडलं.

तिला दवाखान्यात नेलं. तासाभरानं सुमंत मैदानावर आला. ती योगाच्या वर्गाला नसून इथं येते हे तिनंच दवाखान्यात जाताना त्याला फोनवर सांगितलं होतं. तो ओरडला नाही. तबेल्यात येऊन माझ्यासमोर उभा राहिला, मग रुपरावकडे वळला. "मागच्या वेळी तिला चालायला आठ महिने लागले," तो म्हणाला. "ही घोडी उद्या आणखी कुणाला पाडेल. तिला इथे ठेवू नका."

रुपराव मान खाली घालून हो म्हणाला. चौथी वेळ होती. दुसऱ्या दिवशी त्यानं दलालाला फोन केला. सोमवारी गाडी येईल असं ठरलं. जिजाबाई त्याच्याशी त्या दिवशी बोलली नाही. मला मात्र ती रोजच्यापेक्षा जास्त कडब्याची कुट्टी टाकत होती आणि त्याचा अर्थ मला लागत नव्हता.

रविवारी दुपारी मैदानाच्या फाटकापुढं एक बग्गी थांबली. जवळच्या लॉनवर संध्याकाळचं लग्न होतं. बग्गीला पांढरी जोडी होती आणि तिला पाणी पाजायचं होतं. बग्गीवरून एक म्हातारा दोन्ही हातांनी दांडा धरत कसाबसा उतरला. मला आधी वास आला. तंबाखूचा आणि गुळाचा. मी खिंकाळले.

म्हातारा तिथंच थबकला. "चांदनी?" तो म्हणाला.

रुपराव म्हणाला, इचं नाव मैना हाय. ताराचंदनं ऐकलंच नाही. तो लंगडत माझ्यापाशी आला आणि कपाळावरच्या ठिपक्यावर तळवा ठेवला. मग त्यानं विचारलं, इथं काय काम करते ही? रुपरावनं सगळं सांगितलं. चार माणसं पाडली, उद्या गाडी येऊन राहिली, हेही.

ताराचंदनं भिंतीवरचा लगाम काढला, मला चढवला आणि हलकेच ओढला. मी पाय उचलले. त्यानं सोडला. मी उभी राहिले. पुन्हा ओढला. पुन्हा नाचले. मग त्यानं खिशातून गुळाचा खडा काढून मला दिला.

"भाऊ, हे म्या शिकवलं हिले," तो म्हणाला. "नऊ साल. खींचलं का नाचाव, सोडलं का थांबाव. तिनं तर कोनालेच पाडलं नाही. तिनं फक्त हुकूम मानला."

रुपराव पाण्याच्या बादलीपाशी खाली बसला. पांढरी जोडी पाणी पीत होती. शेवटी रुपराव म्हणाला, वीस वर्षं घोड्यायसंगं काढले मी, अन् इले एकदा विचारलं नाई का तुले कोनं काय शिकवलं.

मी दोघांकडे बघत होते. एक गूळ देतो, दुसरा खाली बघतो. मी चांगलं केलं की वाईट?

ताराचंद निघून गेला. मला वाटलं, आता तरी बरोबर नेईल. फाटकाबाहेर बग्गीच्या घुंगरांचा आवाज दूर जाईपर्यंत मी कान तिकडं लावून उभी होते. सोमवारी दलालाची गाडी आली आणि रिकामी परत गेली. का आली आणि का गेली, तेही मला त्या वेळी कळलं नाही.

त्याच आठवड्यात वैदेही आली. हाताला प्लास्टर, सोबत सुमंत. रुपरावनं दोघांना सगळी गोष्ट सांगितली आणि चूक आपली होती असं सुमंतच्या तोंडावर म्हटलं. वैदेही माझ्यापाशी येऊन उभी राहिली. तिच्या अंगाला दवाखान्याचा वास होता.

"म्हणजे मी तिला नाच म्हणत होते," ती सावकाश म्हणाली, "आणि ती नाचत होती."

सुमंतनं तिला विचारलं, आता पुरे ना? ती म्हणाली, आता तर कुठं मला कळलंय. संक्रांतीनंतर प्लास्टर निघालं तेव्हा तिला घेऊन तोच आला आणि कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसला. पहिले कित्येक दिवस तो खुर्चीच्या कडेवर बसायचा.

मग आम्हा दोघींना सगळं नव्यानं शिकावं लागलं. रुपरावनं तिच्या हातात लगाम देणंच बंद केलं. मी लांब दोरीवर त्याच्याभोवती गोल चालायची आणि ती हात छातीवर बांधून बसायची. धरायला काही नाही. पहिल्या दिवशी तिचे हात सारखे सुटून माझ्या आयाळीकडे येत होते. पण हळूहळू तिला उमजलं की आधार हातात नसतो, तो खाली असतो, जिथं आपण बसतो तिथं. उजवा खुबा दुखायचा. तरी ती त्याच्यावर बसायची.

इकडं माझी शिकवणी वेगळीच. जिजाबाई समोर उभी राहायची आणि लगाम अगदी किंचित ताणायची. मी पाय उचलायची. काहीच व्हायचं नाही. पुन्हा उचलायची. गूळ नाही, रागही नाही. दमून मी उभी राहिले की लगाम त्याच क्षणी सैल आणि गूळ तोंडात. मला काही कळेना. नऊ वर्षं जे बरोबर होतं ते आता चूक कसं? ताराचंद खोटा की जिजाबाई? होळीपर्यंत माझे पुढचे पाय रोज एकमेकांशी भांडत होते.

होळीनंतर वैदेहीच्या हातात लगाम आला. पट्टा करंगळी आणि तिच्याशेजारच्या बोटाच्या मधून घ्यायचा, अंगठा वर, कोपर अंगाशी सैल. रुपराव म्हणाला, जिजाबाई ओला पापड उचलते तसं धरा. आवळला तर फाटते, सोडला तर पडते. थांबायचं तर आधी बसायचं, श्वास सोडायचा आणि मग फक्त बोटं मिटायची. घोडी थांबली रे थांबली का बोटं उघडायची. तिचं बक्षीस तेच.

एका सकाळी कुंपणाखालून दोन कुत्री भांडत थेट माझ्या पायांत आली. मी उसळले. सुमंत खुर्चीवरून उठला. वैदेहीचा श्वास अडकला आणि लगाम ताणला गेला. माझा उजवा पाय वर आला. आता काय? नाचू? पण त्याच वेळी पाठीवरचं वजन खाली आलं, दोन्ही बाजूंना सारखं. तिनं श्वास सोडला. लगाम सैल झाला. वर आलेला पाय मी तसाच धरून ठेवला. कुणी काही मागत नव्हतं. मी तो वाळूत ठेवला आणि उभी राहिले.

वैदेही माझ्या मानेवर वाकली आणि तिनं तोंड माझ्या आयाळीत खुपसलं. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, हे मी आजही सांगू शकणार नाही. सुमंत परत खुर्चीवर बसला, या वेळी मागं टेकून.

याला आता वर्ष होत आलं. माझ्यावर दुसरीही माणसं बसतात. रुपराव प्रत्येकाला आधी लगामाशिवाय बसवतो आणि माझी गोष्ट सांगतो. तरी कुणाकुणाचा हात ओढतोच आणि माझा पाय अजून कधीकधी वर येतो. मग मी स्वतःच बावचळून थांबते. माणसांनो, तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. आधी सरळ बसा. मग एका वेळी एकच काही सांगा. आणि मी ते केलं की हात सोडा, नाहीतर मला कसं कळणार?

वैदेही दर रविवारी येते, आता स्वतः स्कूटर चालवत. मागच्या रविवारी तिनं मला पहिल्यांदाच फाटकाबाहेर नेलं. तुरीच्या शेताकडेनं आम्ही दोघीच निघालो. पुढं एके ठिकाणी वाट फुटली. एक वाट झाडांकडे जात होती, दुसरी कालव्याकडे. मी नेहमीप्रमाणे वाट बघू लागले. वजन कुठं झुकतंय, कुठलं बोट मिटतंय.

काहीच आलं नाही. ती सरळ, शांत बसली होती. लगाम माझ्या मानेवर सैल पडला होता.

"तू सांग," ती म्हणाली.

चौदा वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. मी एक कान झाडांकडे केला, दुसरा कालव्याकडे. या हुकमाला काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही. आम्ही बराच वेळ तिथं उभ्या होतो आणि तिला घाई नव्हती.

मग मी कालव्याकडे निघाले. का, ते मला विचारू नका.